बारा सेकंदांची शांतता

गोष्ट फार जुनी नाही. तिच्यातला संगणक अजून चालतो. एका मध्यम शहरात, भांडीबाजाराच्या मागच्या बोळात, एका माडीवर एक वृद्ध ध्वनिमुद्रक राहत असत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. चाळीस वर्षांत त्यांनी भजने, कीर्तने, शाळांच्या प्रार्थना, लग्नातल्या मंगलाष्टका आणि एकदा तर सर्कशीतल्या सिंहाची डरकाळीसुद्धा मुद्रित केली होती. सिंह म्हातारा, डरकाळी काही फोडेना, तेव्हा मास्तर तीन दिवस पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसले होते म्हणे. खरे-खोटे तो सिंह जाणे. त्यांच्या कानांविषयी मात्र कोणाचेही दुमत नव्हते. खाली बाजारात एखादे भांडे पडले, की मास्तर माडीवरून सांगत, ‘‘पितळेचं. रिकामं होतं.’’ आणि ते पितळेचे आणि रिकामेच निघे.

या मास्तरांपाशी एक शिष्या सहा वर्षांपासून शिकत होती. आली तेव्हा चोविशीची होती, आता तिशीला टेकली होती. पहिल्या दिवशी ती मोठ्या उत्साहाने वही-पेन घेऊन आली. संगणकावरची सगळी बटणे एका दिवसात शिकून घ्यायचा तिचा बेत होता. मास्तरांनी दिवसभरात तिला एकच बटण शिकवले.

त्यांनी एक गाणे लावले. पडद्यावर प्रत्येक आवाजाची एकेक आडवी पट्टी होती. गायकाची एक, पेटीची एक, तबल्याची एक. ही प्रत्येक पट्टी म्हणजे एक ट्रॅक. ट्रॅकच्या कडेला तो आवाज कमी-जास्त करणारा सरकता फेडर आणि फेडरच्या डोक्यावर ‘म्यूट’ नावाचे इवलेसे बटण.

‘‘पेटीचं म्यूट दाब,’’ मास्तर म्हणाले.

तिने दाबले. पेटी गेली.

‘‘पेटी थांबली का?’’

‘‘थांबली की.’’

‘‘नीट बघ.’’

तिने पाहिले. गाण्याबरोबर पुढे सरकणारी उभी रेघ पेटीच्या पट्टीवरूनही तशीच सरकत होती. मास्तरांनी थोड्या वेळाने म्यूट काढले, तर पेटी कडव्याच्या मध्यावर पोहोचलेली.

‘‘म्हणजे मधल्या दोन ओळी तिने वाजवल्या,’’ ते म्हणाले, ‘‘आपण ऐकल्या नाहीत, एवढंच. थांबवणं वेगळं आणि म्यूट करणं वेगळं. आपल्या कामातल्या निम्म्या चुका हा फरक विसरल्यामुळे होतात, पोरी.’’

शिष्येने हे वहीत लिहून घेतले, खाली दोनदा रेघ मारली. आणि रेघ मारलेल्या वाक्यांचे बहुधा जे होते तेच याही वाक्याचे झाले. वही मिटली आणि वाक्य आत राहिले.

चार वर्षे उत्तम गेली. पाचव्या वर्षी एक गोष्ट शिष्येच्या ध्यानात आली आणि तिला ती ध्यानात यायला नको होती. मास्तरांची गाणी टोचू लागली होती. झांज वाजली की कानात सुई गेल्यासारखे होई. गायिकेचा प्रत्येक ‘स’ सापासारखा फुत्कारे. आवाजातला बारीक, उंच भाग वाढवणारा जो ट्रेबल, तो मास्तर दर खेपेस थोडा अधिक चढवत होते आणि चढवूनही नाराजच होते. ‘‘हल्लीचे माइक बोथट,’’ ते म्हणत. ‘‘पूर्वीसारखी धार राहिली नाही.’’

माइक तेच होते. पूर्वीपासूनचेच होते.

शिष्येने पहिल्यांदा स्वतःच्याच कानांना दोष दिला. मग एके दिवशी खाली बाजारात पितळी समई पडून घरंगळत गेली, दुकानदारांची आरडाओरड झाली, आणि मास्तर मान वर न करता वहीत लिहीत राहिले. तिला रडू कोसळले. तिने तोंड धुण्याच्या निमित्ताने मोरीत जाऊन रडून घेतले.

आता सांगायचे कसे? गवयाला गळा गेला म्हणून सांगता येते, कारण ते त्याला आधीच ठाऊक असते. कान जातो तेव्हा मात्र जाताना आवाज करत नाही. शिष्येने पुष्कळ विचार केला आणि एक युक्ती काढली. मास्तरांची एक जुनी सवय होती. संगणक सगळे लक्षात ठेवतो हे माहीत असूनही ते प्रत्येक फेडर कुठे ठेवला आहे ते पेन्सिलीने वहीत टिपून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी वहीशी पडदा ताडून पाहत. तेव्हा त्यांच्या फेडरला हात लावणे शक्यच नव्हते. पण संगणकात असाही एक ट्रॅक करता येतो, जो पडद्यावर दिसत नाही आणि तरी सगळा आवाज त्याच्यातून चहासारखा गाळून बाहेर पडतो. तिने तसा एक लपवलेला ट्रॅक केला. मास्तर दुपारी जेवायला उठले, की ती तो चालू करी, टोचरेपणा गाळून टाकी, गिऱ्हाइकाला द्यायची अंतिम फाइल काढी आणि पुन्हा सगळे झाकून ठेवी. मास्तरांची वही जुळे. गिऱ्हाईक खूश होई. मास्तर म्हणत, ‘‘बघ, अजून हात चालतो.’’ ती म्हणे, ‘‘हो, मास्तर.’’

असे दोन वर्षे चालले.

तिचे मास्तरांवर प्रेम होते, यात शंका नाही. पण खरे सांगायचे तर त्या प्रेमात आणखीही काही मिसळलेले होते. मास्तरांनी काम सोडले तर ही माडी बंद होईल, अशी भीती होती. आणि हे गुपित जगात आपल्या एकटीलाच ठाऊक आहे, आपल्यामुळे मास्तरांचे नाव टिकून आहे, असा एक चोरटा अभिमानही होता. दुसऱ्याची लाज झाकणाऱ्याच्या पाठीचा कणा नकळत थोडा ताठ होतो. तिचाही झाला होता, आणि तिला ते कळले नव्हते.

त्याच सुमारास एक व्यापारी मास्तरांकडे आला. खालच्याच बाजारात त्याचे घंटा, समया आणि टाळांचे दुकान होते. पन्नाशीचा, जाडजूड, हसतमुख माणूस. पण त्या दिवशी तो जिना चढून आला तो धापा टाकत गप्पच उभा राहिला. मग त्याने उपरण्यात गुंडाळलेली काशाच्या टाळांची एक जोडी काढून टेबलावर ठेवली.

‘‘आमच्या वडिलांनी, दादांनी, हाताने ओतलेली ही शेवटची जोडी,’’ तो म्हणाला. ‘‘दादा गेले, भट्टी विझली. आता आम्ही नुसते बाहेरून माल आणतो आणि विकतो. येत्या रविवारी त्यांना वर्ष होतं, मास्तर. त्यांच्या आवडीचं भजन या टाळांवर घ्यायचंय. सगळे भाऊबंद जमतील, तेव्हा लावू.’’

‘‘घेऊ की,’’ मास्तर म्हणाले.

‘‘एक सांगू का? दादा म्हणायचे, टाळ वाजतो कसा ते कुणीही ऐकेल, तो विझतो कसा ते ऐकायचं. त्यांच्या टाळांची आस फार लांब. तेवढी सांभाळा.’’

वाजून झाल्यावर मागे जो नाद रेंगाळत राहतो, त्याला जाणकार आस म्हणतात. मास्तरांनी टाळ हातात घेतला, तोलला, बोटाने त्याची कड चाचपली आणि मान डोलावली. काम मनासारखे होते.

दोन दिवसांत मुद्रण झाले. गायक, पेटी, मृदंग आणि टाळ. टाळ व्यापाऱ्याने स्वतःच वाजवले. भजन संपताना सगळी वाद्ये थांबतात, टाळांचा एकच शेवटचा ठोका पडतो आणि मग तो एकटा नाद हळूहळू विरत जातो, अशी त्याची रचना होती. शिष्या काचेपलीकडून ऐकत होती. तो नाद इतका सावकाश विझला, की तो संपला नेमका केव्हा, हे तिला सांगता आले नसते.

तिसऱ्या दिवशी मास्तर मिश्रणाला, म्हणजे चारी आवाज एकत्र जुळवायला बसले. चारी फेडर त्यांनी मोठ्या निगुतीने लावले. टाळांचा ट्रेबल चढवला, अजून चढवला. ‘‘मेलं काशाला धारच नाही,’’ असे पुटपुटले. मग शेवटाशी येऊन थांबले.

‘‘ठोक्यानंतर एवढी रिकामी जागा कशाला ठेवलीस गं?’’

शिष्येला कळेना. ‘‘कुठे, मास्तर?’’

‘‘ही काय. बारा सेकंद नुसतीच शांतता आहे. कापून टाक.’’

पडद्यावर टाळांच्या पट्टीत ती बारीक होत जाणारी लहर स्पष्ट दिसत होती. मास्तरांना ती दिसली नसेल असे नाही. पण त्यांनी जन्मभर डोळ्यांपेक्षा कानांवर विश्वास ठेवला होता, आणि कान सांगत होते, की इथे काही नाही. आजवर मास्तरांना कमी ऐकू येत होते. आता तिथे काहीच येत नव्हते. एका माणसाने आयुष्यभर काशात जे ओतले होते तेच नेमके मास्तर कापायला सांगत होते.

‘‘हो, मास्तर,’’ ती म्हणाली.

मास्तर जेवायला गेले. तिने त्यांच्यासमोर कापलेला शेवट पुन्हा जोडला, लपवलेला ट्रॅक चालू केला, टाळांची धार गाळली, अंतिम फाइल काढली आणि शेवट पुन्हा होता तसा कापून ठेवला.

दुसऱ्या दिवशी व्यापारी ऐकायला आला. मास्तरांनी अंतिम फाइल लावली आणि नेहमीप्रमाणे डोळे मिटून बसले. भजन रंगत गेले. शेवटचा ठोका पडला. मास्तरांनी डोळे उघडले आणि काही बोलणार तोच त्यांचे लक्ष व्यापाऱ्याकडे गेले. तो हात जोडून, मान खाली घालून बसला होता. गाणे संपले होते आणि हा माणूस अजून ऐकत होता.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले.

‘‘आस पुरती उतरली, मास्तर,’’ तो म्हणाला. ‘‘मी मनात मोजत होतो. बारा मोजले. दादाच जिना उतरून गेल्यासारखे वाटले.’’

‘‘बारा?’’ मास्तर म्हणाले.

त्यांनी शिष्येकडे पाहिले. शिष्येने जमिनीकडे पाहिले. बोलायचे ते सगळे तेवढ्यात बोलून झाले.

मास्तर अगदी शांतपणे म्हणाले, ‘‘शेठ, तो टाळ जरा इथे वाजवा. एकच ठोका. मी डोळे मिटतो. नाद संपला, की बोट वर करीन.’’

व्यापाऱ्याला यातले काही कळले नाही, पण मास्तरांचा शब्द तो मोडणार नव्हता. त्याने टाळांचा एक ठोका दिला आणि एक टाळ दोरीने हवेत अधांतरी धरला. ठोका पडतो न पडतो तोच मास्तरांचे बोट वर गेले.

खोलीभर नाद घुमत होता. व्यापारी गोंधळून एकदा टाळाकडे आणि एकदा त्या बोटाकडे बघत राहिला. ‘‘मास्तर,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘अजून वाजतोय.’’

मास्तरांनी डोळे उघडले. त्यांनी वर केलेले तेच बोट पुढे नेले आणि त्याचे नख टाळाच्या कडेला अगदी अलगद टेकवले. काशाचा थरकाप त्यांच्या नखात शिरला. ‘‘खरंच की,’’ ते म्हणाले. ‘‘वाजतोय.’’

नाद नखाखाली विझेपर्यंत त्यांनी बोट हलवले नाही.

यानंतर त्यांनी जे केले त्याने शिष्या हादरूनच गेली. ते संगणकाशी गेले, वही उघडली, चारी फेडर वहीशी ताडून पाहिले आणि व्यापाऱ्याला म्हणाले, ‘‘शेठ, तुम्ही ऐकलंत ते काम माझं नव्हतं. हिचं होतं. आता माझ्या हातचं ऐका.’’

‘‘मास्तर, नको ना,’’ शिष्या कळवळून म्हणाली. ‘‘पाया पडते.’’

मास्तरांनी लावले. त्यांचे स्वतःचे, न गाळलेले मिश्रण. पहिल्याच ठोक्याला व्यापाऱ्याचा हात कानाकडे गेला आणि त्याने तो लाजून खाली घेतला. मास्तर त्याच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होते, पडद्याकडे बघावे तसे. शेवटी ठोका पडला आणि गाणे तुटल्यासारखे संपले.

‘‘हिचंच घेऊन जा,’’ मास्तर म्हणाले. ‘‘आणि दादांच्या वर्षाला हिलाही बोलवा.’’

व्यापारी त्यांच्या पायांना हात लावून, टाळ उपरण्यात गुंडाळून जिना उतरला. माडीवर दोघेच उरले. खाली बाजार नेहमीसारखा खणखणत होता. ती खणखण आता एकीलाच ऐकू येत होती.

‘‘किती दिवस?’’ मास्तरांनी विचारले.

‘‘दोन वर्षं.’’

‘‘मला का नाही सांगितलंस?’’

‘‘तुम्हाला फार वाईट वाटलं असतं, मास्तर. मला वाटलं, तुमचं नाव तरी राहू दे. तुम्हाला कळायलाच नको.’’

मास्तर रागावले असते तर तिला सोपे गेले असते. ते रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि सहा वर्षांपूर्वी बसवले होते तसे तिला शेजारी बसवले.

‘‘पहिल्या दिवशी मी तुला काय शिकवलं?’’

तिला आठवले. ‘‘थांबवणं वेगळं आणि म्यूट करणं वेगळं.’’

‘‘माझा कान जात होता. ते तू थांबवू शकत नव्हतीस; कुणीच शकलं नसतं. तू फक्त त्याच्यावरचं म्यूट दाबलंस. तुला वाटलं, मास्तरांचं दुःख थांबलं. ते थांबलं नाही, पोरी. रेघ पुढे सरकत राहिली. मला तेवढी कळली नाही.’’

थोडे थांबून ते म्हणाले, ‘‘नावाचं जाऊ दे. नाव चाळीस वर्षं मिरवलं, पुरे झालं. पण त्या मधल्या दोन ओळींत माझं एक काम होतं.’’

त्यांनी संगणकातली एक जुनी फाइल शोधली. तिच्यावर फक्त ‘चाचणी’ असे लिहिले होते.

‘‘चाळीस वर्षांपूर्वी पहिला टेपरेकॉर्डर घेतला, तेव्हा चालतो का ते बघायला घरीच काहीतरी बोलत बसलो होतो. इतक्यात आमची ही चहा घेऊन आली. तिला काय ठाऊक यंत्र चालू आहे ते. हातात हिरवी काकणं असायची, काचेची. ती यात आहेत. ती स्वतः जाऊन अकरा वर्षं झाली. तू शिकायला आलीस त्या आठवड्यात मी ही टेप संगणकात उतरवली. तेव्हा शेवटची ऐकली.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग ठेवून दिली. म्हटलं, काम सोडलं की निवांत ऐकू. घाई काय आहे? कान आपलाच आहे.’’ ते किंचित हसले, आणि ते हसू बघवत नव्हते. ‘‘दोन वर्षांपूर्वी तू सांगितलं असतंस, तर तेव्हा थोडी तरी ऐकू आली असती ती काकणं. मी रोज ऐकली असती. पुसट होत होत जाईपर्यंत ऐकली असती. निरोप तरी घेतला असता.’’

शिष्येच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तिने ते पुसले नाही. आपण दोन वर्षे काय झाकत होतो असे तिला वाटत होते, आणि खरोखर काय झाकले गेले, हे तिला आत्ता कळत होते. त्याला आता कोणताही फेडर पुरा पडणार नव्हता.

मास्तरांनी ‘चाचणी’ लावली. घरघर, मग तरुण मास्तरांचा आवाज, ‘एक… दोन… तीन…’ मग पावले. कपबशी. आणि एका बाईचा आवाज, थोडा हसरा, थोडा वैतागलेला: ‘कुणाशी बोलताय एकटेच? चहा निवतोय.’

‘‘तिचं बोलणं कळतं मला,’’ मास्तर म्हणाले. ‘‘जरा गढूळ येतं, पण कळतं. काकणं वाजली का?’’

‘‘वाजली, मास्तर.’’

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

शिष्येला राहवेना. ‘‘मास्तर, उंच आवाजाचा सूर खाली उतरवता येतो यात. मी काकणांचा आवाज खाली आणते. मग तुम्हाला नक्की ऐकू येतील.’’

‘‘येतील. पण मग ती तिची काकणं राहणार नाहीत. कुणाची तरी भांडी होतील.’’ त्यांनी मान हलवली. ‘‘नको. तुझे कान तरुण आहेत. तू ऐक, आणि मला सांग.’’

त्यांनी आपला तळहात टेबलावर उताणा ठेवला. ‘‘काकण वाजलं, की इथे बोट टेकव. पहिल्यापासून लाव.’’

तिने लावले. पावले आली. तिने त्यांच्या तळहातावर बोट टेकवले. मास्तरांचे डोळे मिटलेले होते. ‘‘दार उघडलं तिने,’’ ते पुटपुटले. पुन्हा एकदा. ‘‘कप ठेवला.’’ पुन्हा. ‘‘पदर सारखा केला.’’ टेपवर ती बोलायला लागली तेव्हा एक. बोलणे संपताना एक. ‘‘बशी उचलून माझ्यापुढे सरकवली. बघ, आहेत सगळी.’’

मग पावले परत निघाली. मास्तरांचा तळहात उघडाच राहिला. ‘‘आता दाराशी,’’ ते म्हणाले. ‘‘दाराशी थांबून मागे वळून बघायची आणि हात चौकटीला लावायची. तेव्हा वाजतात.’’

शिष्या कान देऊन ऐकत होती. पावले लांब गेली. घरघर उरली. पडद्यावरची लहर सपाट पुढे सरकत होती. दाराशी काही नव्हते. त्या दिवशी ती वळली नसावी, किंवा वळून हात लावला नसावा, किंवा दारातले ते काकण दुसऱ्याच कुठल्या दिवसाचे होते आणि चाळीस वर्षांत या टेपमध्ये येऊन बसले होते.

मास्तर वाट बघत होते. तिचे बोट त्यांच्या तळहातावर अगदी जवळ, हवेत होते. टेकवले असते तर काय बिघडले असते? एवढेसे बोट. म्हाताऱ्या जिवाला तेवढेच समाधान. जगात कोणालाही कळले नसते, आणि हे कळणार नाही याची खात्री असलेली ती पुन्हा एकटीच होती.

तिने बोट मागे घेतले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. टेप संपली.

‘‘दाराशी नाही वाजली?’’ मास्तरांनी डोळे न उघडता विचारले.

‘‘नाही, मास्तर. दाराशी काहीच नाही.’’

तिला वाटले, आपण पुन्हा चुकलो. मग त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला.

‘‘मला तर इतकी वर्षं ती ऐकू येत होती,’’ ते म्हणाले. ‘‘बरं झालं सांगितलंस. म्हणजे आधीची पाच खरी.’’

त्यांनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि आपली खुर्ची तिच्याकडे सरकवून स्वतः शेजारच्या स्टुलावर बसले.

‘‘पुन्हा लाव,’’ ते म्हणाले, आणि तळहात पुढे केला. तिने लावले. या खेपेस पाचव्या स्पर्शानंतर त्यांनी तो आपणहून मिटून घेतला.